बोटांपर्यंतची वाट

मुंगी अंगठ्याच्या बुडाशी चढली आणि तळहातावरून मनगटाकडे निघाली. अनसूया वाढई तेव्हा सतरंजीच्या मागावर बसली होती. नजर ताण्याच्या निळ्या दोऱ्यांवर, मन भलतीकडेच. एकाएकी तिचा हात थबकला. डाव्या हाताला काहीतरी होत होतं. खाज नव्हती, कळ नव्हती. कुणीतरी फार हलक्या पावलांनी हातावरून चाललं होतं. तिने खाली पाहिलं. लाल मुंगी होती, साखरेच्या डब्याभोवती फिरते तसली, साधी.

अनसूया ओरडली नाही, जागची हललीही नाही. मुंगी मनगट ओलांडून कोपराकडे जाईपर्यंत ती नुसती बघत राहिली. आधी हाताने सांगितलं होतं आणि मग डोळ्यांनी पाहिलं होतं. तीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

इरई नदीच्या काठावरच्या पळसझरी वसाहतीत एकेकाळी कुष्ठरोगामुळे घराबाहेर काढलेली माणसं शेकड्यांनी राहत. आता तो रोगच देशातून गेला होता. नवा रोगी कित्येक वर्षांत आला नव्हता आणि तरुण डॉक्टरांना तो पुस्तकातल्या चित्रापुरता माहीत होता. वसाहतीत उरली होती ती शेवटची पिढी. सगळे केव्हाच बरे झालेले, पण जंतू मरण्याआधी त्यांच्या नसा खाऊन गेले होते. हातपाय होते, त्यांना काही कळत नव्हतं.

अनसूया चोविसाव्या वर्षी इथे आली. नवऱ्याने आणि दिराने तिला फाटकाशी सोडलं, पिशवी खाली ठेवली आणि मागे न बघता गेले. वर्षभरात औषधाने ती बरी झाली, पण मनगटापासून पुढचे दोन्ही हात तोवर बधिर होऊन गेले होते. वसाहतीच्या रोपवाटिकेत लटारी नावाचा माणूस होता. तो तिच्या खोलीपुढे रोज एक रोप आणून ठेवायचा आणि काही न बोलता निघून जायचा. दारात रोपांची इतकी दाटी झाली की आत-बाहेर करणं मुश्किल झालं, तेव्हा अनसूयाने त्याला हटकलं. त्या हटकण्यातूनच पुढे लग्न झालं.

लटारीचे हात तिच्याहून वाईट होते. तीन बोटं आखडून तळहाताला लागलेली, दोन अर्धीच उरलेली. अशा हातांची माणसं डोळ्यांनी जगतात. पेला धरायचा तर पेल्याकडे बघावं लागतं. नजर हटली की पेला सुटतो. काटा रुतला, काच लागली, चुलीवर भाजलं तरी कळत नाही आणि जखम चिघळत जाते. म्हणून रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, दोघं ओट्यावर बसून एकमेकांचे हातपाय तपासत. लटारीला जवळचं नीट दिसायचं नाही, तो चष्मा लावून तिची बोटं उलटीपालटी करायचा. अनसूयाला त्याच्या हातावरची एकेक रेघ पाठ होती.

मुंगी येण्याच्या बरंच आधी डॉ. नाझनीन काझी पहिल्यांदा वसाहतीत आल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांना विणकामाच्या शेडमध्ये जमवलं. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत त्या पेप्टाइडवर काम करत होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, ठेंगण्या, बोलताना सारखे हात हलवणाऱ्या.

"नसेला वाढायला हुकूम लागतो," त्या म्हणाल्या. "तो ऐकायला नसेच्या अंगावर बारीक बारीक कान असतात. आम्ही त्यांना रिसेप्टर म्हणतो. पण हे कान विचित्र आहेत. एकटा कान बहिरा असतो. दोन कान एकमेकांना येऊन भिडले, तरच आत निरोप जातो की बाई, वाढ आता. लहान मूल वाढत असताना शरीर स्वतःच असा एक पदार्थ बनवतं, जो दोन कान जवळ आणतो. मोठेपणी तो आटतो. बाहेरून द्यावा तर रेणू अवाढव्य, शरीरात टिकत नाही. म्हणून आम्ही त्याचा नेमका तेवढाच तुकडा बनवला, जो कानाला जाऊन चिकटतो. छोटीशी साखळी. त्यालाच पेप्टाइड म्हणतात."

"मंग वाढली नस?" कुणीतरी विचारलं.

"कुठली! छान चिकटायचा, पण नस ढिम्म. तरुणपणाची सगळी वर्षं गेली माझी त्यात." त्या हसल्या. "मग एकदा एक बाटली फ्रिजमध्ये मागे राहून गेली. आमच्या पेप्टाइडच्या टोकाला गंधकाचा अणू होता. दोन गंधक भेटले की त्यांचं जमतं. बाटलीतले सगळे तुकडे दोन-दोन करून जोडले गेले. माल खराब झाला म्हणून मी ओतून देणार होते. म्हटलं, त्याआधी एकदा पेशींवर टाकून तर बघू. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मला खुर्चीवर बसावं लागलं. पेशींना धुमारे फुटले होते. चहूबाजूंनी. एकट्याने जे काम वर्षानुवर्षं केलं नाही, ते जोडीने एका रात्रीत केलं होतं."

नाझनीनबाईंनी दोन्ही हात वर करून हवेतच काहीतरी पकडलं.

"एका हाताने फांदीला लोंबकळलात तर हात सुटला की तुम्ही खाली. दोन्ही हातांनी धरलंत तर एक सुटला तरी दुसरा असतो, तेवढ्यात पहिला परत पकड घेतो. जोडीचं तसंच आहे. सुटतच नाही. म्हणून पूर्वीच्या हजाराव्या हिश्शानेही काम होतं. वर दोन कानांना ओढून शेजारी आणते ती वेगळंच. फक्त मधला दोरा नेमका हवा. आखूड पडला तर दुसरं टोक पोचत नाही, लांब झाला तर दोघं लांबलांबच राहतात. तो दोरा मापात बसवायला पुन्हा काही वर्षं गेली."

"आमच्या हातानं फांदी धरवत नाई, म्याडम," मागून लटारी म्हणाला. सगळे हसले. नाझनीनबाईंनी वर धरलेले हात खाली घेतले, मग त्याही हसल्या.

औषध मुख्यतः मधुमेहाने हातपाय बधिर झालेल्यांसाठी होतं. पण मधुमेहात नसा रोज नव्याने मरत असतात, त्यामुळे वाढ किती आणि मर किती याचा हिशेब लागत नाही. पळसझरीच्या माणसांत रोग उरलेला नव्हता, नुसती मेलेली नस होती. म्हणून पहिली चाचणी इथे. त्यासाठी प्रत्येकाचा हात तपासला गेला. नस मेली तरी तिच्या जागी एक पोकळ नळी राहते आणि नवी नस त्या नळीतूनच वाट काढते. अनसूयाच्या हातात नळ्या शाबूत निघाल्या. लटारीच्या हातावर नाझनीनबाईंनी यंत्र पुन्हा पुन्हा फिरवलं, मग ते बाजूला ठेवलं.

"काका, तुमच्या नळ्या बुजल्यात. औषध दिलं तरी नस जाईल कुठून?"

"जाऊ द्या ना जी," लटारी म्हणाला. "हिच्यात जाऊ द्या."

अनसूयाच्या दोन्ही कोपरांशी औषध टोचलं गेलं. ते एका मऊ जेलीत मिसळलेलं होतं, महिनोन्‌महिने थोडं थोडं झिरपत राहणारं. नस रोज जेमतेम मिलिमीटरभर वाढते. कोपरापासून बोटापर्यंतचा प्रवास म्हणजे वर्षाहून जास्त.

दर भेटीला नाझनीनबाई मनगटावर काचेचं एक बोटभर भिंग टेकवत आणि शेजारच्या पडद्यावर कातडीच्या आतलं दिसे. पहिले काही महिने तिथे नुसता काळोख होता. एके दिवशी त्या काळोखात, अगदी कडेला, एक हिरवट धागा दिसला. केसाहून कितीतरी बारीक. त्याचं टोक पंजासारखं फुललेलं होतं आणि ते हलत होतं. थोडं उजवीकडे जाई, थांबे, मागे येई, मग डावीकडे चाचपून पुढे सरके.

"हे काय आहे?" अनसूयाने विचारलं.

"तुम्ही."

"मी?"

"तुमची नस, मावशी. वाट शोधतेय."

अनसूया पडद्यासमोरून उठेना. तिला घरच्या भोपळ्याच्या वेलाचा कोंब आठवला, आधार मिळेपर्यंत हवेत चाचपडणारा. पण तो निदान सूर्याकडे बघून वाढतो. ह्याला कोण वाट दाखवत होतं? ती गप्प बसलेली असताना, स्वयंपाक करताना, झोपेत असताना तिच्याच हाताच्या आत हे एवढंसं काहीतरी तिला न विचारता, न थांबता चाललं होतं. असे शेकडो पडदे पाहिलेल्या नाझनीनबाईही हनुवटीवर हात ठेवून शाळकरी पोरीसारख्या बघत होत्या.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी ती मुंगी आली.

मुंगीनंतर अनसूयाला जगाची हावच सुटली. जिथे जिथे हाताला कळू लागलं तिथे तिथे ती काहीबाही लावून बघायची. कडुनिंबाची साल. गोठ्यातल्या गाईचा कान, आतून ऊबदार आणि बाहेरून मखमल. ओली माती आणि सुकी माती. माठाचा गार घाम. ज्वारीच्या पोत्यात ती मनगटापर्यंत हात खुपसून उभी राहायची आणि दाणे तळहातावरून ओघळताना डोळे मिटून घ्यायची. डोळे मिटून! पूर्वी डोळे मिटले की तिला हात नसायचेच.

एका सकाळी भाकरी भाजताना ती बोलण्याच्या नादात तव्याकडे न बघता वळली आणि तळहात तव्याच्या कडेला टेकला.

"आई गं!"

किंकाळी एवढी मोठी होती की खोल्यांची अख्खी रांग धावत आली. अनसूया हात झटकत, थयथयत उभी होती. तळहातावर लाल पट्टा उमटला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"काय झालं वं? काय झालं?"

"चटका बसला! मले चटका बसला!"

शेजारची शेवंताबाई पुढे झाली. ती ऐंशीच्या घरातली, बोटं जवळजवळ नसलेली. तिने अनसूयाचा हात स्वतःच्या दोन ठुंट्यांमध्ये धरला आणि त्या लाल पट्ट्याकडे बघत राहिली.

"कसा असते वं तो?" तिने हळूच विचारलं. "मले आता आठवत बी नाई."

अनसूयाचं हसू थांबलं. सांगायला ती शब्द शोधू लागली. तिला ते सापडले नाहीत.

त्या संध्याकाळी लटारी सवयीने चष्मा लावून ओट्यावर बसला आणि त्याने तिचा हात ओढला. भाजल्या जागेजवळ त्याचं आखडलेलं बोट लागलं आणि अनसूयाने झटकन हात मागे घेतला. तिने मुद्दाम केलं नव्हतं. तो हातच आपणहून मागे आला होता. लटारीने चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला.

"आता तुले माह्या डोयाचं काम नाई," तो म्हणाला आणि रोपांना पाणी द्यायला गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने तिचे हात तपासणं सोडलं. स्वतःचेही दाखवेना. विचारलं की, "पाह्यले मी, ठीक आहेत," म्हणायचा.

उन्हाळा चढत गेला तशी आग सुरू झाली. आधी मनगटात, मग तळहातात, मग बोटांच्या पहिल्या पेरांत. पदर लागला तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारा हातावरून गेला की ती दात आवळायची. मागावर बसणं बंद झालं. सुताच्या स्पर्शानेच तिला भोवळ यायची. सतरंजी अर्धी विणून तशीच राहिली. ज्या हातांनी ती गाईचा कान कुरवाळायची तेच हात आता बादलीभर पाण्यात बुडवून ती दिवसभर ओट्यावर बसून असायची. कुणाशी बोलायची नाही.

नाझनीनबाई आल्या. त्यांनी भिंग लावून पाहिलं. हिरव्या धाग्यांचं आता जाळं झालं होतं, बोटांच्या मधल्या पेरापर्यंत पोचलेलं.

"दुखणं सांगणाऱ्या नसा सगळ्यांत आधी वाढतात," त्या म्हणाल्या. "आणि त्यांच्या अंगावरच हे कान सगळ्यांत जास्त. दुसरं म्हणजे तुमच्या मेंदूत हाताच्या नावाची जागा तीस वर्षं रिकामी पडली होती. आता तिथे एकदम बातम्या येऊन आदळतायत. कुठली कसली हे त्याला लावता येत नाही, म्हणून तो सगळ्यालाच आग म्हणतो."

"मंग हे असंच?" लटारीने विचारलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

नाझनीनबाईंनी पिशवीतून एक छोटी कुपी काढून टेबलावर ठेवली. "हा तोच पेप्टाइड. पण सुटा, एकेरी. कानावर जाऊन बसतो, स्वतः काही बोलत नाही आणि जोडीला तिथे बसू देत नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं अपयश होतं हे. आता त्याचाच उतारा झालाय. टोचला की आठवडाभरात आग विझेल."

"आन्‌ नस?" अनसूयाने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"तीही थांबेल. आज आहे तिथे. पुढची टोकं बधिरच राहतील आणि पुन्हा सुरू करता येईल असं मला वाटत नाही. उतारा द्यायचा तर लवकर द्यायला हवा, आगीची वाट पक्की व्हायच्या आत. दोन आठवड्यांनी मी परत येते."

"आन्‌ नाई घेतला तं?"

नाझनीनबाईंनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "मेंदू शिकू शकतो. काहींचा शिकला. काहींची आग तशीच राहिली, मावशी. तुमचं काय होईल ते मी छातीठोक सांगू शकत नाही. शिकवायचंच असेल तर एक करा. जी वस्तू डोळ्यांना तोंडपाठ आहे ती घ्या. तिच्याकडे बघा आणि बघता बघता हात लावा. डोळ्याला आधीच माहीत असलं की तो हाताची बातमी समजावून देतो. वस्तू कितपत ओळखीची आहे यावर सगळं अवलंबून आहे."

त्या गेल्यावर लटारी कुपीकडे बोट दाखवून म्हणाला, "घेऊन टाक ते. तीस वर्षं काय अडलं होतं आपलं?"

"तुमाले काय जाते सांगाले!"

"मले काय जाते? तू दिवसभर तोंड दाबून बसतं ते मी पाहून राह्यलो. मुंगी समजली, चटका समजला. झालं ना? अजून काय पाह्यजे तुले?"

"सगळं पाह्यजे!" अनसूया ओरडली. "टोकापर्यंत पाह्यजे मले!"

लटारी रोपांच्या रिकाम्या पिशव्या गोळा करत राहिला, त्यातल्या दोन हातून सुटल्या, तो वाकला आणि वाकलेल्या अवस्थेतच बोलला. आवाज भलताच बारीक झाला होता.

"टोकं आली का तू मले हात लावशीन."

"मंग?"

"तू मले डोयानं पाहून पसंत केलं होतं वं. डोयाले काय, सवय होऊन जाते. तुह्या हाताले मी कसा आहो हे कधी ठाऊकच नाई. त्या दिशी नुसतं बोट लागलं तं तू हात ओढून घेतला." त्याने पिशव्या उचलल्या. "हाताले मी नवा माणूस आहो. हे असं झाडाच्या गाठीसारखं आंग. तुह्या हाताले मी नाई चाललो तं?"

अनसूया त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत त्याच्या मनात असं काही असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तो हात कशाने मागे आला होता ते तिने सांगायला हवं होतं, तिथल्या तिथे. ती बादलीत हात घालून बसली होती, स्वतःच्या हातांत गुंतलेली.

तिने हात पाण्यातून बाहेर काढले.

"या इकडं," ती म्हणाली. "बसा. डॉक्टरबाई काय म्हणे, आयकलं ना? डोयाले पाठ असलेली वस्तू पाह्यजे."

"मंग घे ना एखादा भाताचा गंज, वाटी..."

"गंज कोण रोज निरखून पाहते? मी तीस वर्षं काय पाह्यलं ते तुमाले ठाऊक नाई का? द्या हात."

तो देईना. तिने वाट पाहिली. शेवटी त्याने उजवा हात पुढे केला, तोंड दुसरीकडे वळवून.

पहिल्या दिवशी तिला मोजके दोन-तीन स्पर्शच सोसले. कपाळावर घाम फुटला, ओठ चावून लाल झाला. त्याच्या तळहाताच्या मधोमध एक चकाकता खळगा होता, तिथे तिने बोट टेकवलं आणि बघत मोठ्याने म्हणाली, "हे काचेचं. नर्सरीतल्या दिव्याची काच." बोटाला आग लागली. तिने पुन्हा टेकवलं. "काच."

नाझनीनबाई परत आल्या तेव्हा कुपी टेबलावर तशीच होती. अनसूयाने ती त्यांच्या हातात दिली. आग कमी झालेली नव्हती. पुढे काय होईल हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तिने ते तसंच सांगितलं.

मग हात लावून बघणं हे दोघांचं रोजचं काम होऊन बसलं. ऊन तापण्याआधी, सकाळी, ओट्यावर. त्याचा हात तिच्या मांडीवर. ती बघायची, टेकवायची आणि बोलायची. हे कुऱ्हाडीचं. हे विहिरीच्या दोराचं. हा वण आपल्या लग्नाच्या पंगतीत वाढताना आलेल्या फोडाचा, तुम्ही सांगितलं नव्हतं, मी पाहिला. लटारीला हाताला काहीच लागत नव्हतं, म्हणून तो तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. ती कळवळली की त्याला हात काढून घ्यावासा वाटे, पण तिने मनगट गुडघ्यांत दाबून धरलेलं असे.

दिवाळीच्या सुमाराला काहीतरी बदललं. एका सकाळी काचेच्या खळग्यावर बोट ठेवलं तेव्हा आग झाली, पण त्या आगीला तळ होता. गुळगुळीत तळ. तिने बोट बाजूच्या कातडीवर सरकवलं. इथली आग वेगळी होती, खरबरीत. ती पुन्हा खळग्यावर आली. गुळगुळीत. पुन्हा बाहेर. खरबरीत. इतके महिने जी एकच सरसकट आग होती ती तिच्या बोटाखाली फुटत होती, वेगवेगळी होत होती, आणि तिच्या आतून एकेक करून जग बाहेर येत होतं. कड, खाच, उंचवटा. मऊ, कोरडं, कोमट. जणू कुणी अंधाऱ्या खोलीत एकेक खिडकी उघडत होतं आणि तिला त्या खोलीतलं सामान आधीपासून ठाऊक होतं.

"काहून थांबली?" लटारीने विचारलं.

"कडुनिंबाच्या सालीवानी आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचे हात. खरबरीत. सालीवानी."

लटारीची मान खाली गेली. "सांगितलं होतं ना मी."

"मंग? मी त्या सालीले किती येळ हात लावून उभी राहत होती, पाह्यलं नाई का तुमी?" तिने त्याचं अर्धं बोट मुठीत घेतलं. या वेळी हात मागे आला नाही.

पुढच्या महिन्यांत आग ओसरत गेली, पुरती मात्र गेली नाही. डाव्या हाताच्या करंगळीत ती राहिली ती राहिलीच; थंड वारा सुटला की अनसूया ती करंगळी काखेत दाबून धरते. मागावर ती परत बसली, पण पूर्वीसारखा तिचा हात भराभर चालेना. सूत बोटांना कळत असल्यामुळे ती मध्येच थांबते, दोरा चिमटीत फिरवत राहते. देखरेख करणारे गुरनुले आता तिच्याकडून घाईचं काम घेत नाहीत. वसाहतीतल्या आणखी सहा जणांनी औषध घेतलं. दोघांना आग सोसवली नाही, त्यांनी उतारा घेतला. अनसूयाने त्यांना एका शब्दाने काही म्हटलं नाही.

थंडी संपत आली तेव्हा नाझनीनबाईंनी तिच्या तर्जनीच्या टोकावर भिंग टेकवलं. पडद्यावर बोटाच्या चक्राकार रेषा दिसल्या आणि त्या प्रत्येक रेषेखाली, अगदी शेवटच्या वळणापर्यंत, हिरव्या धाग्यांची टोकं येऊन उभी होती. ती आता चाचपडत नव्हती. पोचली होती. नाझनीनबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"मावशी, मी हे कागदावर लिहीन, आकडे देईन, जगभर पाठवीन," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू, हे कसं होतं ते मला आता पहिल्यापेक्षाही कमी कळतं."

त्या गेल्या. दुपारचं जेवण आटोपून लटारी ओट्यावर पाय पसरून बसला होता, अनसूया शेजारी. सकाळचा धडा राहून गेला होता म्हणून तिने त्याचा हात घेतला. आता ती डोळे मिटूनही सगळं ओळखायची. खळगा, कुऱ्हाड, दोर. तिची बोटं तळहातावरून वर सरकली आणि मनगटाच्या आतल्या अंगाला, अंगठ्याच्या खाली येऊन थांबली.

काहीतरी उडालं.

तिला वाटलं किडा आहे. तिने डोळे उघडले. किडा नव्हता. त्या जागी काहीच नव्हतं, नुसती कातडी, तिने हजारदा पाहिलेली. पण बोटाखाली ते पुन्हा उडालं. आणि पुन्हा.

"इथं काय आहे जी?"

"कुठं?"

"इथं. आतून कोणी ठोकून राह्यलं."

लटारीने मनगटाकडे बघितलं. "नाडी असन."

नाडी असते हे अनसूयाला माहीत होतं. डॉक्टर मनगट धरून घड्याळाकडे बघतात हे तिने किती वेळा पाहिलं होतं. पण या माणसाची एकेक रेघ तिला पाठ होती आणि हे तिला कधीच दिसलं नव्हतं. हे दिसण्यासारखं नव्हतंच. तो रोप दारात ठेवायला यायचा तेव्हाही हे चालू होतं, ती रागावून हटकत होती तेव्हाही, भांडताना, झोपताना, सगळ्या संध्याकाळी ती त्या हाताकडे डोळे फाडून बघत असताना त्याच्या आत हे असं, न थांबता.

"कशी लागते?" लटारीने विचारलं.

तिला पुन्हा शब्द सापडेनात. मग तिने दुसरा हात उचलला. लटारीच्या हातांना कळत नव्हतं, पण मानेला कळत होतं. तिने त्याच्या कानाखाली मानेवर एक बोट ठेवलं आणि मनगटावरचं बोट जसं सांगेल तसं त्याच्या मानेवर हळूहळू ठोकू लागली.

लटारी दचकला. मग स्थिर झाला. मान किंचित कलती करून ऐकू लागला.

"हे माह्यंच होय?"

"तुमचंच."

"तू मनानं तं नाई ठोकून राह्यली?"

"नाई वो!"

त्याचा विश्वास बसेना. तो एकदम उठला, ओट्यावरून उतरला आणि अनसूया काही म्हणायच्या आत धावत सुटला. साठी उलटलेला माणूस, धोतराचा सोगा हातात, शेडला वळसा घालून पार विहिरीपर्यंत. शेवंताबाई दारात येऊन बघू लागली. विहिरीला हात लावून तो तसाच धावत परत आला, धापा टाकत ओट्यावर बसला आणि मनगट तिच्यापुढे केलं.

"आता सांग."

अनसूयाने एक बोट मनगटावर ठेवलं, एक मानेवर. आणि तिचं मानेवरचं बोट भराभर, भराभर ठोकू लागलं. लटारी तोंड उघडं टाकून ऐकत होता. मग तो हसायला लागला, तसं ते आणखी जोरात ठोकू लागलं.